टीप नावाचा रकाना

३ मार्च, सोमवार

टाचणी म्हणाली, "सर, या कामाची रोजची नोंद ठेवा. पुढे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळेल." छत्तीस वर्षं मी नोंदीच ठेवतोय, त्यात आणखी एक वही काय जड आहे! म्हणून ही डायरी. मेहुण्याने तीन वर्षांपूर्वी दिलेली आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. छापलेला वार खोडून खरा वार घालतोय.

मी या कॉलेजचा ग्रंथपाल. एकतीस तारखेला निवृत्त होतोय. मुलं माझ्यामागे मला 'शूऽऽ' म्हणतात आणि मी ऐकलं नाही असं दाखवतो. टाचणी माझी सहायक. इथेच शिकली, आणि गेली सहा वर्षं कंत्राटावर इथेच काम करते आहे. हे नावही मुलांनीच ठेवलंय. अंगाने बारीक, आणि एकदा कागदाला लागली की सुटत नाही.

काम असं आहे. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर संदर्भांचा एक प्रोग्रॅम आहे. आमच्या प्राध्यापकांनी काय लिहिलं, कुठल्या अंकात, कुठल्या वर्षी, कुठल्या पानावर, आणि त्यासाठी त्यांनी कुणाकुणाचं काय वाचलं, हे सगळं मी सव्वीस वर्षं एका बोटाने त्यात भरलं. अकरा हजार चारशे बारा नोंदी. तो कॉम्प्युटर आता सुरू व्हायला एक चहा आणि एक वर्तमानपत्र एवढा वेळ घेतो. तो कायमचा झोपायच्या आत सगळ्या नोंदी केंद्रीय कार्यालयाच्या नव्या डेटाबेसमध्ये न्यायच्या आहेत. तिथे त्या जगात कुणालाही, कुठूनही बघता येतील.

माझ्या हयातीत कुणी त्या कोपऱ्यातही फिरकलं नाही. आता जग बघणार म्हणे.

५ मार्च, बुधवार

दहा नोंदींची चाचणी. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या ठिकाणी गेला की अक्षरांचे चौकोनी डबे होतात. टाचणी दिवसभर डबे उघडत बसली होती. शिवाय वर्षाचा आकडा पानांच्या रकान्यात गेला आणि इतिहासवाल्यांचा लेख १९९८ पानांचा झाला. त्यांना कळलं तर ते नाकारणार नाहीत.

संध्याकाळी तिने विचारलं, "सर, सगळ्यात खाली 'टीप' नावाचा एक रकाना आहे. मला त्यात नुसते चौकोन दिसतायत. तोही न्यायचा?"

मी त्या वेळी एका कुजबुजणाऱ्या टेबलाला दम देत होतो. म्हटलं, "एक स्वल्पविरामसुद्धा मागे राहता कामा नये."

त्या रकान्यात मी काही ना काही खरडत असे. कपाट नंबर, फाटलेली पानं, असंच काहीबाही. वाचून झालं की मनात आलेलं लिहून टाकायचं, म्हणजे डोकं रिकामं होतं. तो कॉम्प्युटर माझ्याशिवाय उघडणार कोण!

१० मार्च, सोमवार

सगळ्या नोंदी गेल्या. अकरा हजार चारशे बारा इकडून निघाल्या, अकरा हजार चारशे बारा तिकडे पोचल्या. चौकोन नाहीत, वर्षं वर्षांच्या जागी आहेत. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं धूळ असेल.

नव्या ठिकाणी प्रत्येक नोंदीखाली 'नोंदकर्ता' म्हणून नाव येतं. सगळीकडे टाचणीचं नाव आलंय, कारण पासवर्ड तिच्याकडे आहे. मला केंद्रीय कार्यालयाने पासवर्डात एक आकडा आणि एक चिन्ह घाला म्हणून सांगितलं, तेव्हा मी नाद सोडला. ती म्हणाली, "सर, हे बरोबर नाही, काम तुमचं आहे." मी मोठ्या मनाने म्हटलं, "राहू दे तुझं. निवडीच्या वेळी उपयोगी पडेल."

चोवीस तारखेला माझ्या खुर्चीसाठी निवड समिती बसणार आहे. बाहेरचे दोन उमेदवार आहेत, लांबलचक पदव्यांचे. पण कुठलं पुस्तक कुठे आहे आणि कुठलं का नाही, हे फक्त टाचणीला माहीत आहे. खुर्ची तिलाच मिळायला हवी. हे मी तिला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

१२ मार्च, बुधवार

नव्या डेटाबेसच्या मुखपृष्ठावर, तो किती लोकांनी पाहिला त्याचा आकडा येतो. आज नऊ. त्यांतले आठ वेळा मीच.

१३ मार्च, गुरुवार

चारशे बारा!

१४ मार्च, शुक्रवार

तीन हजारांवर. मी शिपायाला बोलावून आकडा दाखवला. तो म्हणाला, "हो सर, मी पण वाचलं. लई भारी आहे." शिपाईसुद्धा संदर्भसूची वाचतोय! वाचनसंस्कृती बुडाली म्हणणाऱ्यांनी यावं आणि बघावं.

रसायनच्या बाईंनी मला एक रोप आणून दिलं, कुंडीसकट. का विचारलं तर म्हणाल्या, "उगीच. सात पानांचं कौतुक कोण करतं हल्ली!" मला काही कळलं नाही, पण रोप चांगलं आहे. इतिहासवाले मात्र समोरून आले आणि न बोलता गेले. दाढ दुखत असावी.

१७ मार्च, सोमवार

आकडा अकरा हजारांवर गेला. आता दर नोंदीला सरासरी एक वाचक पडला. मी हे टाचणीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरलेला. दोन दिवस ती स्टाफरूममध्ये डबा खायला जात नाही, कपाटांच्या मागे बसून खाते. अर्थशास्त्रवाले मला जिन्यात म्हणाले, "तुमच्या त्या मुलीला जरा आवरा. कालची पोर, आणि आमच्या चाळीस वर्षांवर बोलते!" मी म्हटलं, नव्या तंत्राचा लोकांना असाच राग येतो, होईल सवय.

दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, डेटाबेस थोडे दिवस बंद ठेवता येईल का? जाऊ नये ते काही गेलंय त्यात. मी केंद्रीय कार्यालयाला कळवलंय, पण ते म्हणतात दहा दिवस लागतील. तुम्ही फोन केलात तर..."

मी तिला बोलूच दिलं नाही. "आत्ता कुठे लोक वाचायला लागलेत आणि बंद करू? सगळं न्यायचं असं मीच सांगितलं होतं. जबाबदारी माझी!"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं सर," म्हणाली आणि गेली. पोरगी समितीच्या भीतीने धास्तावली आहे.

२० मार्च, गुरुवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

संध्याकाळी घरी आलो तर बायको फोन हातात घेऊन एकटीच हसत होती. इतकी की तिला बोलता येईना. तिच्या बहिणीने काहीतरी पाठवलं होतं. म्हणाली, "अहो, ऐका. 'लेखक पर्यावरणाची फार काळजी घेतो, काहीही वाया घालवत नाही. हाच लेख १९९९, २००३ आणि २००८ मध्येही आहे.' कोण लिहितं हो हे? अगदी तुमच्यासारखं कुजकं आहे."

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. एकतीस वर्षांत माझ्या बोलण्याला ही एवढी कधी हसली नव्हती.

मग हे बाहेर कसं आलं, असा प्रश्न पडला. मी फोन घेतला. नोंद उघडून खाली बोट दाबलं की 'अभिप्राय' असं येतं, आणि तिथे माझी टीप. सगळ्यांच्या टिपा. मी आजवर नुसतं मुखपृष्ठ आणि आकडा बघत होतो. इतिहासवाल्यांच्या पुस्तकाखाली: 'एकशे बारा संदर्भ. पैकी चाळीस पुस्तकं आपल्याकडे आहेत. त्यांतलं एकही कधी कुणी घरी नेलेलं नाही.' रसायनच्या बाईंच्या लेखाखाली: 'सात पानांत आटोपलं. देव यांचं भलं करो.' आणि प्राचार्यांच्या प्रबंधाखाली, देवा रे: 'पहिली तीन पानं उत्तम. ती दुसऱ्याची आहेत.'

आणि प्रत्येक शेऱ्याखाली नोंदकर्ता म्हणून टाचणीचं नाव.

बायकोला सांगितलं. तिने फोन बाजूला ठेवला. "म्हणजे तुम्ही लिहिलंत आणि बोलणी ती खातेय?"

डायरीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. नाव तिचं आहे हे पाहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो 'वाचलो' असा.

२१ मार्च, शुक्रवार

टाचणीला कपाटांच्या मागे गाठलं. तीच म्हणाली, "तुम्हाला कळलं वाटतं."

"मी प्राचार्यांना सांगतो."

"काही सांगू नका सर. दहा दिवस राहिलेत तुमचे. निरोप समारंभ आहे, काकू येणार आहेत. मला काय, दुसरीकडे अर्ज करता येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण चोवीस तारखेची निवड?"

"बघू."

मी बरं म्हटलं. अगदी हेच म्हटलं, 'बरं'. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटलं. घरी येऊन जेवलोही नीट. बायको माझ्याशी फक्त 'वाढू का' आणि 'पुरे का' एवढंच बोलली.

२३ मार्च, रविवार

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त चोराला रविवारची दुपारची झोप लागू नये, ती आज लागली.

२४ मार्च, सोमवार

प्राचार्यांच्या खोलीत समिती. प्राचार्य स्वतः, दुसऱ्या गावाहून आलेल्या पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई, आणि एक सदस्य, ज्यांनी अखेरपर्यंत बिस्किटं सोडून कशालाच हात लावला नाही. मला दाराजवळ खुर्ची दिली होती, काही विचारलं तर सांगायला.

बाहेरचे दोघे येऊन बोलून गेले. मग टाचणी आली. इस्त्रीची साडी नेसली होती आणि हातात फाइल घट्ट धरली होती. प्राचार्यांनी तिला एकही प्रश्न ग्रंथालयाबद्दल विचारला नाही. छापलेल्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"हे शेरे तुमच्या नावावर आहेत?"

"हो सर."

"तुम्हीच लिहिलेत?"

"हो सर."

"ज्येष्ठ प्राध्यापकांची अशी टिंगल करणाऱ्या व्यक्तीच्या हाती ग्रंथालय द्यावं, असं तुम्हाला वाटतं का?"

मी माझ्या बुटांकडे बघत होतो. बुटांना पॉलिश करायला हवं होतं.

अध्यक्षबाई मात्र चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचत बसल्या होत्या. एकदा हसल्या, मग पुन्हा हसल्या. "चाळीस पुस्तकं, आणि एकही घरी नेलेलं नाही! भाषा फार सुरेख आहे हो तुमची."

टाचणी म्हणाली, "थँक्यू मॅडम."

मी कधी उभा राहिलो ते मला आठवत नाही. "खोटं आहे!" असं जे ओरडलो, तसं छत्तीस वर्षांत या कॉलेजात कुणी ओरडलं नसेल. "काय थँक्यू? कशाचं थँक्यू? यातलं एक वाक्य जरी हिने लिहिलं असेल तर मी माझं कार्ड फाडून टाकतो! हे माझं आहे! सव्वीस वर्षांचं आहे! पहिला शेरा लिहिला तेव्हा ही बाई पहिलीत पाटी पुसत होती!"

"सर, बसा ना," टाचणी हळूच म्हणाली.

"मुळीच बसणार नाही."

प्राचार्य म्हणाले, "तुम्ही तिला वाचवायला बघताय."

"आत्तापर्यंत मी मलाच वाचवत होतो. या मुलीला त्यात काय आहे ते दिसतसुद्धा नव्हतं, चौकोन दिसत होते. न्यायचा का म्हणून तिने विचारलं. मी ने म्हटलं. बंद करू या म्हणाली, मी करू दिलं नाही."

लोक म्हणतील हा माणूस सत्यासाठी उठला. शिपाई आत्तापासूनच तसं सांगत सुटलाय. पण मी 'थँक्यू' ऐकून उठलो. ती माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडत होती, तेव्हा मी बूट बघत होतो. ती माझं वाक्य घेऊन गेली, तेव्हा मला सहन झालं नाही. हे असं आहे.

अध्यक्षबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तुमचे आहेत ना? मग एक सांगा. भाड्याच्या घरांवरचा एक लेख आहे, एकवीस वर्षांपूर्वीचा. तुमच्याकडच्या कुणीतरी संदर्भ म्हणून वापरलाय. त्याखाली काय लिहिलंय?"

तो लेख मला चांगला आठवत होता. मी डोळे मिटून म्हटलं, "'पहिली वीस पानं उत्कृष्ट. शेवटची चार घाईत उरकली आहेत. या बाईंची ही सवय नाही, घरी काहीतरी झालं असावं. संपादकांनी पुढच्या अंकापर्यंत थांबायला हवं होतं.'"

बाईंनी कागद खाली ठेवला. "तो माझा लेख आहे. माहेरच्या नावाने लिहायचे मी तेव्हा." मग म्हणाल्या, "त्या आठवड्यात माझी आई गेली. एकवीस वर्षांत त्या लेखावर खूप जणांनी टीका केली. शेवट असा का झाला, हे कुणाच्या मनातही आलं नाही."

सदस्यांनी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. मी "सॉरी" म्हटलं, आईबद्दल की शेऱ्याबद्दल ते मलाही ठाऊक नाही.

"हे शेरे खोडायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणाला वाटलं तर खाली उत्तर जोडावं. पण ज्याचे आहेत त्याच्या नावावर टाका. आणि प्राचार्य, मी तुमचाही प्रबंध पाहिला. पहिली तीन पानं खरंच उत्तम आहेत."

प्राचार्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. खोकल्यातच त्यांनी टाचणीच्या नावापुढे सही केली.

२६ मार्च, बुधवार

नोंदकर्त्याचं नाव एकदम सगळीकडे बदलता येत नाही. नोंद उघडायची, जुनं नाव काढायचं, नवं घालायचं, जतन करायची. अकरा हजार चारशे बारा वेळा. टाचणीने हिशेब केला. रोज चाळीस केल्या तर सुट्ट्या धरून वर्षभर पुरतील. मी म्हटलं, "राहू दे गं, लोकांना कळलंय." ती म्हणाली, "लोकांना कळलंय, नोंदीला कळलेलं नाही." हे मीच तिला कधीतरी शिकवलं असणार.

इतिहासवाल्यांनी आज एक पुस्तक घरी नेलं. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही.

३१ मार्च, सोमवार

निरोप समारंभ झाला. रसायनच्या बाई चार मिनिटं बोलल्या, अगदी मोजकं आणि नेमकं. अर्थशास्त्रवाले पाऊण तास बोलले. हेच भाषण त्यांनी माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या निरोपालाही केलं होतं, फक्त तेव्हा मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होतो. बायकोने मला कोपराने ढोसलं, कारण तिला माझा चेहरा वाचता येतो. टाचणीला बोलायला सांगितलं, तर ती उभी राहिली, तिला रडू आलं आणि ती बसली. या वेळी धूळ नव्हती, हे मलाही समजलं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी उठलो. दहा वाजले तरी कुठे जायचं नव्हतं. बायकोच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरलो, डब्यांवर नावं का नाहीत ते विचारलं. तिने मला बाहेर घालवलं.

अकरा वाजता टाचणीचा फोन. ग्रंथपाल म्हणून तिचा पहिला दिवस.

"सर, नोंदींवर तुमचं नाव टाकतेय. एका नोंदीबद्दल विचारायचं होतं. हिच्यावर तुमचं नाव टाकू, की माझंच राहू दे?"

"का? काय आहे त्यात?"

"शेरा जरा कडक आहे."

"कुणावर?"

"माझ्यावर," ती म्हणाली. "मी शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा कॉलेजच्या अंकात माझा निबंध आला होता. वाचू? 'विद्यार्थिनीचा निबंध. चौदापैकी नऊ संदर्भ चुकीचे. संदर्भ म्हणजे काय हेच हिला कळत नाही. हिच्याकडून या कामात काही होणे नाही.'"

मला तो निबंध आठवत नव्हता, पण वाक्य माझंच होतं. म्हटलं, "हे तू कधी पाहिलंस?"

"गेला ना सगळा मजकूर, त्याच आठवड्यात. माणूस आधी स्वतःचंच नाव शोधतो. नऊ खरंच चुकीचे होते सर, मी परवा तपासले. टाकू ना तुमचं नाव?"

"टाक," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं. समितीपुढे प्राचार्यांनी 'तुम्हीच लिहिलेत?' असं विचारलं, तेव्हा हाही शेरा तिने पाहिलेला होता. आणि ती 'हो सर' म्हणाली होती. मला वाचवण्यासाठी तिने स्वतःबद्दलचं तेही वाक्य स्वतःच्या नावावर घेतलं. मी इतका वेळ खुर्चीत बसलो होतो, मला त्याची लाज वाटते. नुसती लाजही नाही. पोटच्या मुलीबद्दलही कुणाला कधी इतकं भरून आलं नसेल, आणि तिला मी एवढंच सांगितलं, टाक.

बाईंनी खोडायला मनाई केली आहे. खाली जोडायला परवानगी आहे.

हे उभ्यानेच लिहितोय, पायांत बूट आहेत. बायको विचारतेय, "आता कुठे निघालात? कालच रिटायर झालात ना?"

मी म्हटलं, "एका शेऱ्यात चूक राहिली आहे. दुरुस्त करून येतो."